करिता

शाळेच्या ऑफिसात कॉम्प्युटर एक आणि त्यावर नावं चार. सकाळी बटण दाबलं की पडद्यावर ती एकाखाली एक उभी राहायची: मुख्याध्यापक, काळूराम, मनोज, दीक्षा. परक्या माणसाला वाटावं, चौघंजण आळीपाळीनं इथं बसून कामाचा फडशा पाडतात. प्रत्यक्षात समोरच्या खुर्चीवर बसणारी एकच होती, आणि तिचं नाव सगळ्यात खाली होतं.

दीक्षा ओव्हाळ खोपोलीहून यायची. नवरा रत्नदीप साजगावच्या कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली पाळीनं जायचा. त्याचा डबा, मुलीची वेणी, सगळं उरकून साडेनऊच्या टमटमनं ती कर्जत रस्त्यावरच्या या हायस्कुलात उतरायची. नऊ वर्षांपूर्वी तिला इथं मानधनावर घेतलं होतं. पद 'संगणक सहायक', दर वर्षी अकरा महिन्यांची नवी ऑर्डर. ती ऑर्डर कधी जूनमध्ये यायची, कधी गणपती उठल्यावर. तोवर काम करायचं ते कुठल्या नात्यानं, हे विचारायची सोय नव्हती.

चार नावांची भानगडही त्याच वर्षीची. संस्थेचं परिपत्रक आलं: प्रत्येकानं आपापल्या स्वतंत्र खात्यातून काम करावं, पासवर्ड कोणालाही सांगू नये. हेडसरांनी ते वाचलं, खाली 'पाहिले' असं लिहून सही केली आणि कागद दीक्षाकडं सरकवला. "बघा तुम्हीच काय ते. मला सांगू पण नका, माझ्या लक्षात राहत नाही." तिनं चार खाती उघडली, चार पासवर्ड ठरवले आणि चारही तिलाच पाठ राहिले. पासवर्ड कोणाला सांगू नये ही अट शाळेनं इतकी कडक पाळली की ज्याचा त्यालाही तो कळला नाही.

मग दिवसभर तिचं सोंगं बदलणं चालायचं. दहा वाजता हेडसर व्हायचं आणि शिक्षकांची हजेरी वर पाठवायची. त्यानंतर काळूराम व्हायचं. काळूराम भोईर शाळेचे लिपिक, सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत. अक्षर वळणदार, रजिस्टरात खाडाखोड नाही, पण माउसला हात लावायचा म्हटलं की त्यांना घाम फुटायचा. त्यांची पत्रं, त्यांचे तक्ते, सगळं तिच्याकडं. दुपारी खिचडीची पातेली उतरली की मनोज व्हायचं. मनोज शिपाई, घंटा, पाणी, झाडलोट आणि पोषण आहाराच्या तांदळाची नोंद त्याच्याकडं. नोंद कागदोपत्री त्याच्या नावानं, म्हणून त्यालाही एक खातं. त्यानं त्यात कधी पाऊल टाकलं नव्हतं.

दिवसातून पंचवीस-तीस वेळा हे चालायचं: कोपऱ्यात दाबा, नाव बदला, पासवर्ड घाला. एखादं पोर मध्येच येऊन दाखला मागू लागलं तर ती म्हणायची, "थांब रं जरा, मी आता हेडसर हाय. भाऊसाहेब झाले की देते." पोरं खिदळायची. तीही हसायची. तिला त्याचा थोडा ताठा होता, हे लपवण्यात अर्थ नाही. आपण नसलो तर हे चौघंही आंधळे, असं तिला वाटायचं, आणि ते खरंही होतं. खरं असून त्याचा उपयोग काय, ते तिला पुढं कळलं.

आता मनोजच्या खात्याची गंमत सांगायला हवी, कारण सगळं तिथंच अडकलं. पहिल्याच वर्षी नवा प्रिंटर आला. खोपोलीहून एक मेकॅनिक तो जोडायला आला, सोबत मराठी टायपिंगही बसवून गेला. पण तो आला ती वेळ दुपारची, तांदळाची नोंद चालू असतानाची. कॉम्प्युटर मनोजच्या नावानं उघडा होता, त्यानं सगळं मनोजच्या खात्यातच बसवलं. दुसऱ्या खात्यातून कागद काढायला गेलं की प्रिंटर हूं की चूं करायचा नाही आणि मराठीच्या जागी चौकोन उमटायचे. दीक्षानं दोनदा मेकॅनिकला फोन केला. तो म्हणाला, एका खात्यातून निघतंय ना मग झालं. हेडसरही तेच म्हणाले. तेव्हापासून शाळेतला प्रत्येक मराठी कागद मनोज व्हायचा आणि मगच जगात यायचा. दाखले, बोनाफाईड, पालकसभेच्या नोटिसा, हेडसरांची पंधरा ऑगस्टची भाषणं, भाऊसाहेबांचे खुलासे, झाडून सगळे.

आणि त्या कागदांच्या तळाशी एक शब्द असायचा. तो भाऊसाहेबांनी तिला पहिल्याच महिन्यात शिकवला होता. ते भाचीच्या लग्नाला निघाले होते आणि दारात दाखला मागायला माणूस उभा. "हे बघ दीक्षा," ते म्हणाले, "लिपिक म्हनून माझं पद छापलंय, तिथं सही तू ठोक. आन बाजूला ल्ही, करिता. म्हंजे काम माझं, हात तुझा, आन कागद खोटा नाय." दीक्षाला तो शब्द आवडला. लहानसा, पण इमानदार. कागद बघणाऱ्याला कळायचं की इथं खुर्ची एकाची आहे आणि राबलं दुसरंच कुणीतरी. पुढं भाऊसाहेब रोजच कुठल्या ना कुठल्या लग्नाला जाऊ लागले, निदान सही करण्यापुरते तरी. मग तिनं हातानं लिहिण्याचा कंटाळा करून दाखल्याच्या नमुन्यातच 'करिता लिपिक' असं टाइप करून ठेवलं आणि वर आपली बारीक सही करत राहिली.

कागदाला करिता माहीत होतं. कॉम्प्युटरला नव्हतं. त्याला जे नाव सांगून आत शिरलात, तो माणूस तुम्ही.

यंदा मेअखेर भाऊसाहेब निवृत्त होणार होते. संस्थेनं ठरवलं, बाहेरून माणूस आणायचा नाही, शाळेतल्याच मनोज आणि दीक्षा या दोघांतून एकाला लिपिक करायचं. दोघंही बी.ए., दोघांकडं टायपिंगचं सर्टिफिकेट. मनोजनं ते तीन वर्षांपूर्वी खोपोलीत क्लास लावून नावापुरतं काढलं होतं, तेही दीक्षा मागं लागली म्हणून. तिनं घरी रत्नदीपला सांगितलं तेव्हा तो जेवता जेवता थांबला.

"म्हंजे कायम?"

"कायम. दर जूनला वाट बघायची नाय."

"पन मनोज पन हाय ना."

"मनोजला कॉम्प्युटर चालू कुठून करायचा ते ठावं नाय," ती म्हणाली. "त्याच्याकडं बघून कोन देनार?"

नऊ वर्षं ती याच एका गोष्टीसाठी थांबली होती. मध्ये साजगावात एका कारखान्याच्या ऑफिसात जागा निघाली होती, मानधनापेक्षा बरी. ती गेली नाही. भाऊसाहेब म्हणाले होते, "थोडी कळ काढ गं, माझ्या मागं तूच हाईस." त्या वाक्यावर तिनं कळ काढली.

संस्थेचे सचिव नवे होते. कुठल्याशा कंपनीतून निवृत्त झालेले, शर्टाच्या खिशाला दोन पेनं, बोलणं गोड. कुणाचा वशिला ऐकायचा नाही, सगळं आकड्यांवर ठरवायचं, असं त्यांनी आल्या आल्या जाहीर केलं. त्यांचा वशिल्यावर राग होता तो खराच होता. वशिल्याचा माणूस निदान तुमचं तोंड बघून निर्णय घेतो. एप्रिलच्या एका शनिवारी ते शाळेत आले, दीक्षानं हजेरीसाठी उघडून ठेवलेल्या हेडसरांच्या खात्यात बसले आणि कॉम्प्युटरवरच्या सगळ्या फाइलींची यादी काढली. फाइल कुणी बनवली ते तिच्यापुढं लिहिलेलं असतं, एवढं त्यांना बरोबर ठाऊक होतं.

सोमवारी हेडसरांनी तो कागद दीक्षाला दाखवला. मुख्याध्यापक: दोन हजार तीनशे. काळूराम: एकोणीसशे सहा. मनोज: अकरा हजार चारशे बारा. दीक्षा: त्रेसष्ट.

ती आधी हसलीच. त्रेसष्टपैकी चाळीस तर तिच्या मुलीचे फोटो होते, मुलगी पहिल्यांदा शाळेत गेली त्या दिवसाचे. उरलेल्या फाइली म्हणजे तिचे स्वतःचे अर्ज, ऑर्डर मिळावी म्हणून दर वर्षी केलेले. स्वतःच्या नावानं ती फक्त स्वतःसाठी मागायला बसली होती. बाकी सगळं काम तिनं दुसऱ्यांची नावं पांघरून केलं होतं.

"सर, हे सगळं मी केलंय. तुम्हाला माहीत आहे."

हेडसरांनी चष्मा काढून पुसला. "मला माहीत असून काय? परिपत्रकावर माझी सही आहे, मॅडम. पासवर्ड कोणाला सांगू नये. मी आता सांगू, की माझं खातं नऊ वर्षं दुसरंच कोणी चालवत होतं?" मग आवाज उतरवून म्हणाले, "आणि तुमचं एवढं काय अडतंय? तुमच्या लोकांना सवलती आहेत, कुठंही लागाल."

दीक्षाच्या कानशिलात कोणी मारावी तसं झालं. नऊ वर्षं या माणसाची हजेरी, भाषणं, मुलीच्या लग्नपत्रिकेचा मजकूरसुद्धा तिनं टाइप करून दिला होता, आणि एवढ्या वर्षांत तिच्याबद्दल त्याला एवढीच एक माहिती होती. बोलली असती तर वाईट बोलली असती, आणि तेवढंच लक्षात ठेवलं गेलं असतं.

संध्याकाळी ती भाऊसाहेबांच्या घरी गेली. ते ओटीवर बसून कागद लावत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मान हलवली, बायकोला चहा टाकायला सांगितलं.

"तूच केलंस सगळं, मला ठावं हाय," ते म्हणाले. "पर तसं ल्हून दिलं तर इचारतील, मग काळूराम नऊ वर्षं काय करत व्हता? माझ्या पेन्शनीचा कागद अजून हेडसरांच्या टेबलावर हाय गं. एक सही राहिलीय."

"तोंडी तरी सांगा सचिवांना."

"बघतो," ते म्हणाले. चहा आला, तो दोघांनी प्यायला. भाऊसाहेब कधी सचिवांकडं गेले नाहीत. टमटममध्ये बसल्यावर तिच्या ध्यानात आलं, यातला प्रत्येक जण खरं बोलू शकतो, फक्त त्यासाठी त्याला आधी स्वतःला कामचुकार म्हणवून घ्यावं लागेल. आणि तेवढं तिच्यासाठी करावं इतकी ती कुणाची कोणी नव्हती.

मनोज राहिला. त्याला तिनं घंटेखाली गाठलं. तो तळहातावरचा चुना अंगठ्यानं चोळत राहिला.

"मी काय बोलू ताई? मला तर कुनी इचारलंच नाय."

"इचारलं तर?"

"माझी बी दोन पोरं हायत," तो म्हणाला. खोटं बोलला असता तर तिला त्याचा राग करता आला असता. तो बिचारा खरंच बोलला.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात सचिवांनी दोघांना बोलावलं. आधी मनोज आत गेला आणि पाच मिनिटांत बाहेर आला. त्याला विचारलं, तुमच्या खात्यात एवढं काम कसं? तो म्हणाला, तांदळाची नोंद रोजची असते साहेब. साहेबांना त्याचा नम्रपणा आवडला. हे त्यानंच पुढं दीक्षाला सांगितलं, मान खाली घालून.

दीक्षा आत गेली तेव्हा हेडसर बाजूच्या खुर्चीवर होते. तिनं ठरवून ठेवलं होतं, कुणावर आरोप करायचा नाही, फक्त काय घडलं ते सांगायचं. प्रिंटरची गोष्ट सांगितली, मेकॅनिकची सांगितली, करिता सांगितलं. सचिव पेन हातात धरून ऐकत होते.

"म्हणजे तुमचं म्हणणं, या अकरा हजार फाइली तुमच्या?"

"हो, सर."

"पुरावा?"

ती उठली आणि कॉम्प्युटरपुढं जाऊन बसली. चारही नावं पडद्यावर उभी होती. तिनं 'मुख्याध्यापक'वर टिचकी मारली, न बघता पासवर्ड घातला, खातं उघडलं. परत मागं. काळूराम, उघडला. परत मागं. मनोज, उघडला. अकरा हजार फाइली एकावर एक धावू लागल्या. शेवटी दीक्षा. सगळं मिळून मिनिट लागलं नसेल. तिची बोटं अजून कळांवर होती आणि तिला वाटलं, झालं, आता याहून जास्त काय हवं. नऊ वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी समोर बसून तिचं काम बघत होतं.

हेडसर खिडकीबाहेर बघत होते.

"म्हणजे सगळ्यांचे पासवर्ड तुमच्याकडं आहेत," सचिव म्हणाले.

"मीच ठरवलेत, सर. कुणाला लक्षात राहत नव्हते."

"आणि परिपत्रकात काय लिहिलंय, ते तुम्हाला ठाऊक होतं?"

"हो, पण..."

"म्हणजे नऊ वर्षं तुम्ही दुसऱ्यांच्या खात्यात शिरत होता. मुख्याध्यापकांच्या सुद्धा." त्यांचा आवाज अजून गोडच होता. "तिथं बसून तुम्ही काय केलं, काय बदललं, हे आता कोणी सांगायचं? बाई, तुम्ही पुरावा दिलात खरा, पण तो कशाचा दिलात ते बघा. मुख्याध्यापक, तुम्हाला याची कल्पना होती?"

दीक्षानं हेडसरांकडं बघितलं. त्यांनी घसा साफ केला. "खात्यांचं सगळं तांत्रिक काम त्यांच्याकडं होतं. विश्वासानं सोपवलं होतं."

दीक्षाला वाटलं, टेबल उलटं करावं. तिनं खुर्ची नीट आत सरकवली आणि ती बाहेर आली. दारात मनोज चहाचा ट्रे घेऊन उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. तो मूग गिळून तसाच आत गेला, कारण चहा गार होत होता.

चार दिवसांनी मनोजची ऑर्डर आली. दीक्षासाठी आलं ते ताकीदपत्र; तिची मानधनाची मुदत मेअखेर संपत असून पुढं वाढवण्यात येणार नाही, असंही त्यात होतं. ते पत्र मराठीत, सुबक, ओळी सारख्या. ते हेडसरांनी गावातल्या झेरॉक्सच्या दुकानातून टाइप करून आणलं होतं. निदान तेवढी तरी लाज त्यांनी बाळगली होती. मनोज पेढे घेऊन आला, पुडा टेबलाच्या कडेला ठेवला आणि म्हणाला, "ताई, एक तरी घ्या." तिनं घेतला. न घेऊन काय होणार होतं?

शेवटच्या दिवशी पाचच्या सुमारास ती निघायला लागली तेव्हा हेडसर दारात आले. म्हणाले, सचिवांचा फोन होता, सगळे पासवर्ड आजच्या आज बदलायला सांगितलेत. थोडं थांबून पुढं म्हणाले, "तेवढं करून जाल का? आमच्यापैकी कोणाला येत नाही."

आता यावर हसावं की रडावं, हे तिला कळेना. दुसऱ्यांच्या खात्यात शिरते म्हणून जिला काढलं, तिलाच दुसऱ्यांच्या खात्यांना कुलपं बदलून द्यायला बसवलं. ती बसली. हेडसर तेवढ्यात मैदानात गाडीपाशी गेले. एकेक खातं उघडून तिनं नवा पासवर्ड घातला, तो चिठ्ठीवर लिहिला.

मनोजच्या खात्यात ती थांबली. सगळ्या फाइली एका झटक्यात निवडता येतात. एक कळ दाबली की गेल्या. मग आपल्या खात्यात उचलून न्यायचाही विचार आला. तिथं नेल्या की त्यांच्यापुढं दीक्षा लागेल, पण तारीख आजची लागेल, म्हणजे पुन्हा चोरीच. तिनं सगळ्या निवडल्या. पडदा निळा झाला. बोट त्या कळेवर होतं आणि ते तिथं चांगलं मिनिटभर होतं.

वरच्याच ओळीत कोंडी पोशा मुकणे होती. कातकरवाडीतली कोंडी. तिचा बाप पोशा दर वर्षी दिवाळीनंतर बिऱ्हाड घेऊन वीटभट्टीवर जायचा आणि दर वर्षी हेडसर म्हणायचे, पोरीचं नाव कमी करा. दर वर्षी दीक्षा भट्टीजवळच्या शाळेला फोन करून तिची तिथली हजेरी मागवून घ्यायची आणि नाव राखायची. यंदा कोंडी दहावी पास झाली होती, वाडीतली पहिली मुलगी. तिच्या खाली नागू, त्याच्या खाली वाघ्या, पारू, शुक्रा. या अकरा हजारांत मनोज कुठंच नव्हता, हेडसर नव्हते. ही पोरं होती, आणि त्यांची जन्मतारीख काय नि नावाचं स्पेलिंग काय, हे तिनं एकेकाच्या बापाला चारचारदा विचारून घेतलं होतं.

तिनं बोट उचललं. चिठ्ठी हेडसरांच्या काचेखाली ठेवली. शेवटी आपल्या खात्यात गेली, मुलीचे चाळीस फोटो मोबाइलवर घेतले आणि तेवढं एक खातं काढून टाकलं. यादीत आता तीन नावं राहिली. फरक कुणाला पडला नसता, पण तिला तेवढं स्वतःच्या हातानं करायचं होतं.

जूनमध्ये तिनं खोपोलीत स्टेशनजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात काम धरलं. फॉर्म भरायचे, फोटो चिकटवायचे. तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी, समोर प्रवेशाच्या फॉर्मची रांग असताना, मनोजचा फोन आला.

"ताई, कामात हाय का?"

"बोल."

"पोशा आलाय, पोरीला घेऊन. कोंडीचा दाखला न्यायला. आयटीआयचा आज शेवटचा दिस हाय तिचा." तो अडखळला. "दाखला काढलाय मी. बराबर निघालाय. फक्त खाली ते करिता येतंय."

"मग?"

"हेडसर म्हनतात, आता लिपिक तूच हाईस, तर करिता कशाला? तुझीच सही पुरं हाय. पर ते निघत नाय. मी खोडाया गेलो तर सगळी ओळच गेली."

समोरचा माणूस फॉर्म पुढं सरकवत होता. फोन बंद करायला एक बोट पुरेसं होतं. तिकडं मनोजनं आणखी तासभर झटापट केली असती, हेडसर चिडले असते, टमटम चुकली असती. त्यांची जिरली असती आणि त्यांना तिची आठवण झाली असती. पण आयटीआयची खिडकी बंद झाली असती ती कोंडीची. मागून कोंडीचा आवाज आला, "ओव्हाळ बाई हायत का फोनवर? त्यांना म्हनावं, मला वेल्डिंगला मिळतंय."

"आधी ओळ परत आण," दीक्षा म्हणाली. "कंट्रोल दाबून धर आन झेड दाब."

"आली, ताई."

"आता करिता शब्द जिथं संपतो, तिथं टिचकी मार. शब्दाच्या मागं, पुढं नाय."

"मारली."

"आता बॅकस्पेस. दाबून धरू नको, नायतर परत ओळ जाईल. एकेकदा दाब. पाच वेळा."

मनोज मोठ्यानं मोजू लागला, तांदळाची मापं मोजायचा तसा, सावकाश. एक. तिच्या डोळ्यांपुढं काना गेला. दोन, त गेला. तीन, वेलांटी. चार. तिला पडदा दिसायची गरज नव्हती, तो शब्द तिनंच तिथं टाइप केला होता.

"पाच," मनोज म्हणाला. "गेलं, ताई. आता बराबर दिसतंय. नुसतं लिपिक राहिलंय."

"सेव्ह कर," दीक्षा म्हणाली. "म्हंजे परत येनार नाय."